गंभीर आजारानंतर दीर्घ पल्ल्याचे आव्हान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसांचा क्षयरोग, अवयव प्रत्यारोपण किंवा अतिदक्षता विभागातला लांबलेला मुक्काम, अशा दुखण्यातून उठल्यावर मॅरेथॉन, लांब पल्ल्याची सायकल मोहीम, खुल्या पाण्यातले पोहणे किंवा एखाद्या उंच शिखराची चढाई करून पाहावी, असे अनेकांच्या मनात येते. अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. सरावाची तयार वेळापत्रके कुठेही मिळतात, पण ती निरोगी शरीर गृहीत धरून केलेली असतात. त्यामुळे इथला सगळा भर आजाराने आणि विशेषतः उपचारांनी शरीरात मागे काय ठेवले आहे हे ओळखून तयारी कशी करावी, यावर आहे.

एवढ्या मोठ्या दुखण्यानंतर असे काही करणे मुळात योग्य आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत याचे उत्तर होकारार्थी आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने कष्टाचे काही करूच नये, असे एके काळी सर्रास सांगितले जात असे. टोरांटोच्या पुनर्वसन केंद्रात डॉ. टेरेन्स कॅव्हाना यांनी अशा रुग्णांना आधी चालायला आणि मग टप्प्याटप्प्याने धावायला लावले, आणि १९७३ मध्ये त्यांच्यापैकी काही जण बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये धावले. डच जलतरणपटू मार्टेन फान डेर वाइडन यांना २००१ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांनी खुल्या पाण्यातील १० किलोमीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. अमेरिकेच्या सारा थॉमस यांनी स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपून साधारण वर्ष उलटल्यावर, सप्टेंबर २०१९ मध्ये, इंग्लिश खाडी सलग चार वेळा पोहून पार केली आणि त्यासाठी त्या ५४ तासांहून अधिक काळ पाण्यात होत्या.

ही उदाहरणे हुरूप देतात, पण ती सांगताना हे दोघेही आजारापूर्वीच कसलेले जलतरणपटू होते, ही गोष्ट सहसा गाळली जाते. आयुष्यात कधी न धावलेल्या माणसाने त्यांच्याकडे पाहून स्वतःची तारीख ठरवू नये. शिवाय काही परिस्थितींत उत्तर तूर्तास स्पष्टपणे नकारार्थी आहे. विश्रांती घेत असतानाही छातीत दुखणे, हृदयाच्या ठोक्यांची आटोक्यात न आलेली अनियमितता, हाडांत पसरलेला कर्करोग, रक्तातील प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार खाली असणे आणि कारण न सापडलेला ताप यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत आव्हानाचा विषय बाजूला ठेवावा.

उपचार संपल्यानंतर किती काळाने सराव सुरू करावा?

चालणे लवकर सुरू करता येते, आणि अनेकांना ते उपचार चालू असतानाच करायला सांगितले जाते. दीर्घ पल्ल्याचा सराव मात्र वेगळा विषय आहे आणि त्याचा काळ आजारागणिक बदलतो. छातीचे हाड कापून हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते हाड भक्कम जुळून येण्यास साधारण ८ ते १२ आठवडे लागतात आणि तोपर्यंत हातांवर भार देणारे, ओढण्याचे किंवा पोहण्याचे प्रकार वर्ज्य असतात. हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, तर साधारणपणे ३ ते ६ महिने कष्टाचा व्यायाम थांबवला जातो. या काळात अंगात बळ आल्यासारखे वाटले तरीही थांबावे लागते, कारण सूज असलेल्या हृदयात व्यायामाच्या वेळी ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ होऊ शकतो.

केमोथेरपीनंतर रक्तपेशींची संख्या पूर्ववत होणे हा पहिला टप्पा आहे, परंतु तोच शेवटचा टप्पा समजण्याची घाई बऱ्याच जणांना नडते. रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणजे स्नायू, हाडे आणि कण्डरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे तंतू, सज्ज झाले असे नसते. माझ्या मते सलग तीन महिने नियमित आणि विनातक्रार चालणे जमल्याखेरीज कोणत्याही स्पर्धेत नाव नोंदवू नये.

मी डॉक्टरांना विचारले, तर ते “व्यायाम करा, पण जपून” एवढेच म्हणाले. आता पुढे काय?

हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धवट प्रश्नाला मिळालेले उत्तर आहे. “मी व्यायाम करू का?” असे विचारल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर अर्ध्या तासाचे फिरणे येते, आपल्या मनात मात्र सहा तासांची शर्यत असते. म्हणून आव्हानाचे अंतर, लागणारा वेळ, जागेची उंची, अपेक्षित तापमान आणि सरावाचे आठवड्याचे तास एका कागदावर लिहून न्यावेत आणि मगच प्रश्न विचारावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपचारांचा सारांश मागून घ्यावा. डिस्चार्ज कार्डावर निदान आणि शस्त्रक्रियेचे नाव असते, परंतु कोणते औषध एकूण किती मात्रेत दिले गेले, किरणोत्सार शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावर झाला, किती लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या आणि स्टेरॉइड किती काळ चालू होते, हे सगळे त्यात असतेच असे नाही. सरावाची आखणी खरे तर याच माहितीपासून सुरू होते. त्यानंतर पुढील गोष्टी विचाराव्यात: माझ्या हृदयाची इको तपासणी शेवटची कधी झाली आणि तीत हृदयाची पंप करण्याची क्षमता किती टक्के आली, माझ्या बाबतीत देखरेखीखालची ट्रेडमिल टेस्ट आवश्यक आहे का, फुप्फुसांची क्षमता मोजण्याची गरज आहे का, हाडांची घनता तपासावी का, आणि कोणते लक्षण दिसले की मी त्याच दिवशी तुम्हाला कळवायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे, कारण दोन महिन्यांनी ते हमखास अंधूक होते.

उपचारांचे असे कोणते परिणाम आहेत, जे लांब पल्ल्याच्या सरावातच उघडे पडतात?

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

केमोथेरपीतील डॉक्सोरुबिसिन आणि त्याच गटातील औषधे हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. ही इजा एकूण मात्रेनुसार वाढते आणि काही वेळा उपचारांनंतर कित्येक वर्षांनी दिसू लागते. रोजच्या व्यवहारात त्याचा मागमूसही नसतो. चढावर मात्र पूर्वी सहज झेपणाऱ्या गतीला धाप लागते, रात्री सपाट झोपल्यावर श्वास अडतो किंवा घोट्यांवर सूज राहते. छातीच्या डाव्या बाजूवर किरणोत्सार झाला असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या अकाली अरुंद होण्याचा धोका असतो. अशा व्यक्तीला आधी कधी हृदयविकार नव्हता, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

ब्लिओमायसिन हे केमोथेरपीचे औषध फुप्फुसांना इजा करू शकते. ते घेतलेल्यांनी हवेच्या टाक्या लावून पाण्याखाली जाण्याचा किंवा अतिउंचावर चढण्याचा बेत तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय आखू नये, आणि पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना या औषधाविषयी आठवणीने सांगावे. क्षयरोगातून पूर्ण बरे झालेल्यांच्या फुप्फुसांतही व्रण किंवा रुंदावलेल्या श्वासनलिका मागे राहू शकतात, आणि त्यांचा खरा अंदाज क्ष-किरण चित्रापेक्षा फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीतून येतो.

पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांमुळे हातापायांच्या नसांवर परिणाम होतो. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडमुळेही तो होऊ शकतो. तळपायाला मुंग्या येणे किंवा बधिरपणा राहणे याचा अर्थ धावताना काय होतो, ते पाहू. मोज्याची शिवण बोटाखाली दुमडली तर निरोगी माणूस शंभर पावलांत थांबून ती नीट करतो. बधिर पायाचा धावपटू तिच्यावरून दीड तास धावतो आणि घरी बूट काढल्यावर मोजा रक्ताने चिकटलेला पाहतो. म्हणून अशा व्यक्तीने बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा, बिनशिवणीचे मोजे वापरावेत, ठरावीक वेळाने थांबून पायाकडे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे आणि खडबडीत डोंगरवाटांऐवजी सपाट रस्ता निवडावा, कारण पाऊल कुठे आणि कसे पडले याची जाणीवही कमी झालेली असते. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतलेल्यांना थंडीचा स्पर्श झोंबतो, त्यामुळे थंड पाण्यात पोहण्याची कल्पना त्यांनी बरीच पुढे ढकलावी.

दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात आणि क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खचू लागते. जांघेत खोलवर दुखणे, विशेषतः वजन टाकल्यावर दुखणे, हे स्नायू आखडल्याचे लक्षण मानून चोळत बसू नये. त्यासाठी एमआरआय लागतो. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांनीही हाडांची घनता कमी होते आणि सांधे दुखतात. पाऊल आपटत धावण्याचा भार अशा हाडांवर अचानक टाकला, तर बारीक भेग पडू शकते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पडण्याचा अर्थच बदलतो. साधे खरचटणे ही किरकोळ बाब आहे, पण डोक्याला मार लागल्यास बाहेरून काहीही दिसत नसले तरी थेट रुग्णालय गाठावे लागते. अशा व्यक्तीने वेगवान सायकलिंगच्या गटात घुसण्यापेक्षा चालण्याचे किंवा धावण्याचे आव्हान घेणे शहाणपणाचे आहे.

माझे सगळे बळ गेले आहे. ते परत येईल का?

येते, आणि अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात येते, परंतु ते किती झपाट्याने जाते हे आधी समजून घ्यावे. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला, आणि त्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची जितकी घट झाली होती, त्याहून त्या तीन आठवड्यांतली घट मोठी होती, असे आढळले. तरुण आणि धडधाकट शरीरांची ही गत, तर आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जिना चढताना कठड्याचा आधार लागणे यात त्याच्या जिद्दीचा काहीही दोष नाही. त्याच प्रयोगात सरावानंतर त्या तरुणांनी गमावलेली क्षमता परत मिळवली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हृदय आणि फुप्फुसे तुलनेने लवकर साथ देऊ लागतात, तर हाडे आणि कण्डरा मागे राहतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दम टिकू लागला की अंतर वाढवण्याचा मोह होतो, आणि नेमक्या त्याच काळात नडगी आणि टाचेची दुखणी सुरू होतात.

घड्याळावर दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांवरून सराव करावा का?

हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या चालू असतील, तर २२० मधून वय वजा करण्याचे प्रचलित सूत्र निरुपयोगी ठरते, कारण या गोळ्या ठोके एका मर्यादेच्या वर जाऊच देत नाहीत. घड्याळ “हलका व्यायाम” दाखवत असते आणि माणूस प्रत्यक्षात पार दमलेला असतो. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांची स्थिती आणखी वेगळी असते. नव्या हृदयाला नसांची जोडणी नसल्याने ठोके रक्तातील संप्रेरकांच्या भरवशावर सावकाश वाढतात आणि सावकाश उतरतात, त्यामुळे त्यांनी सुरुवातीचे आणि शेवटचे हलके चालणे इतरांहून अधिक वेळ करावे.

यावर सोपा उपाय म्हणजे स्वतःला जाणवणाऱ्या श्रमाचे मोजमाप. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी ६ ते २० अशी श्रेणी तयार केली. तीत ११ ते १३ म्हणजे हलके ते काहीसे कष्टाचे, आणि दीर्घ पल्ल्याचा बहुतांश सराव याच पट्ट्यात होणे इष्ट आहे. तेही नको असेल तर बोलून पाहावे: पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. देखरेखीखालच्या चाचणीत डॉक्टरांनी ठोक्यांची मर्यादा नेमून दिली असेल, तर अर्थातच ती पाळावी.

सरावाचा थकवा आणि आजाराचा थकवा यांतला फरक कसा ओळखावा?

सरावाचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो, आणि पाय जड असले तरी मन ताजे असते. कर्करोग आणि त्याच्या उपचारांतून येणारा थकवा झोपेला दाद देत नाही; सकाळी उठतानाच अंगात त्राण नसते. वरवर विचित्र वाटेल, पण या दुसऱ्या थकव्यावर माफक आणि नियमित व्यायाम हाच सर्वाधिक आधार असलेल्या उपायांपैकी एक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास मध्यम व्यायाम आणि दोन वेळा ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. त्यापूर्वी रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, नैराश्य आणि झोपेचे विकार तपासून घ्यावेत, कारण त्यांचा उपाय धावण्यात नाही.

तिसरा प्रकार मात्र सावध करणारा आहे. कोविडनंतर किंवा इतर काही संसर्गांनंतर काही जणांना श्रम केल्यावर त्याच वेळी काही होत नाही, पण एक-दोन दिवसांनी ते पार गळून जातात, डोके चालेनासे होते आणि ही अवस्था आठवडाभरही टिकते. अशा व्यक्तीने “रोज थोडे थोडे वाढवू” हा नियम स्वतःला लावू नये, कारण तो तिच्या बाबतीत अंगलट येतो. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजारासाठी, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली, त्यामागे हेच कारण होते. ही लक्षणे असतील, तर आव्हान तूर्तास रद्द समजावे.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसीका ग्रंथी काढल्या आहेत. वजने उचलली तर हात सुजेल का?

हात कायमचा जपून ठेवावा, असा सल्ला पूर्वी दिला जात असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात, हाताला सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आणि अगदी हळूहळू वजने वाढवत व्यायाम केला, तेव्हा सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. यातला कळीचा भाग हळूहळू हा आहे. सरावापूर्वी आणि नंतर अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा किती घट्ट बसतो ते पाहावे. डॉक्टरांनी दाब देणारी बाही सांगितली असेल तर ती वापरावी. आणि हात लाल, गरम झाला व ताप आला, तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी उपचार घ्यावेत.

लांब पल्ल्यात पाणी आणि वेदनाशामक गोळ्यांबाबत काय काळजी घ्यावी?

तहान लागेल तसे प्यावे. न लागलेल्या तहानेसाठी पीत राहणे धोक्याचे असते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले, आणि त्याचा संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढेल इतके पाणी पिण्याशी होता. हळू धावणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, आणि आजारातून उठलेला माणूस बहुधा हळूच धावतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे. पोटावर इलिओस्टोमी, म्हणजे मल बाहेर पडण्यासाठी लहान आतड्याचे केलेले तोंड, असलेल्यांच्या शरीरातून पाणी आणि क्षार एरवीही अधिक जातात, त्यामुळे त्यांना नुसते पाणी पुरत नाही.

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत घेऊ नयेत. दीर्घ श्रमात मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो आणि या गोळ्या तो आणखी घटवतात. ज्यांचे एक मूत्रपिंड काढले आहे, ज्यांनी सिस्प्लॅटिन घेतले आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपित आहे, त्यांनी हा नियम मोडूच नये.

कोणते आव्हान निवडावे?

ज्यातून सन्मानाने आणि लवकर बाहेर पडता येते, असे आव्हान निवडावे. एकाच वर्तुळाकार मार्गावर अनेक फेऱ्या असलेली शर्यत यासाठी उत्तम, कारण प्रत्येक फेरीला घरचे माणूस आणि वैद्यकीय मदत भेटते. दुर्गम डोंगररांगांतली मोहीम, जिथून खाली यायलाच दोन दिवस लागतात, ती पहिल्या वर्षासाठी नाही. वेळेची मर्यादाही नीट पाहावी: पूर्ण अंतराच्या आयर्नमॅन ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे असते आणि साधारण १७ तासांची मुदत असते. अशी मुदत मागे लागली की माणूस शरीराच्या तक्रारी ऐकेनासा होतो. न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉनचे एक संस्थापक फ्रेड लेबो यांना १९९० मध्ये मेंदूचा कर्करोग झाल्याचे कळले. १९९२ मध्ये त्यांनी, ही शर्यत नऊ वेळा जिंकलेल्या ग्रेटे वाइट्झ यांच्या सोबतीने, ती साडेपाच तासांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण केली. त्या वेळेकडे पाहून कोणी नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही.

तारीख जाहीर करण्याची घाई करू नये. निधी संकलनासाठी धावण्याचा हेतू उदात्त असतो, पण शंभर जणांकडून देणगी घेतल्यावर माघार घेणे फार जड जाते. सराव निम्म्याहून अधिक पार पडल्यावर जाहीर केले, तरी देणारे देतातच.

घरच्यांचा विरोध आहे. त्यांची समजूत कशी घालावी?

त्यांनी रुग्णालयाच्या बाकावर काढलेल्या रात्री आपल्या वाट्याला आलेल्या नाहीत. आपण तेव्हा औषधांच्या गुंगीत होतो. त्यामुळे त्यांच्या भीतीला पोरकटपणा समजू नये. समजूत घालण्यापेक्षा त्यांना डॉक्टरांच्या भेटीला सोबत नेणे आणि थांबण्याचे नियम त्यांच्यासमोर ठरवणे अधिक उपयोगी पडते.

असे आव्हान पूर्ण केल्याने आजार उलटण्याची शक्यता कमी होते का?

व्यायामाने होते, असे म्हणण्याला आता आधार आहे. आव्हानाने होते, असे म्हणण्याला नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांवरील एका नियंत्रित अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्या गटात पाच वर्षांनंतर कर्करोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण ८०.३ टक्के, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ७३.९ टक्के होते. परंतु तो व्यायाम म्हणजे मुख्यतः आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालण्याएवढा होता. त्या निष्कर्षांचा हवाला देऊन शंभर किलोमीटर धावायला निघणे म्हणजे भलतेच अनुमान काढणे होय. दीर्घ पल्ल्याचे आव्हान आनंदासाठी, समाधानासाठी, हौसेसाठी घ्यावे. औषध म्हणून चालणे पुरेसे आहे.

जिद्द असली की शरीर मागोमाग येते, हे खरे आहे का?

काही अंतरापर्यंतच. आपण सकारात्मक राहिल्यामुळे वाचलो, ही मांडणी फान डेर वाइडन यांनी जाहीरपणे नाकारली आहे. जे वाचले नाहीत ते जिद्दीत कमी पडले, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो अन्यायाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पूर्णपणे पटते. हेच फान डेर वाइडन २०१८ मध्ये नेदरलँड्समधील अकरा शहरांना जोडणारा सुमारे २०० किलोमीटरचा जलमार्ग पोहायला उतरले आणि १६३ किलोमीटरनंतर त्यांना थांबावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी तो पूर्ण केला. त्यांची जिद्द पहिल्या वर्षी कमी होती, असे कोण म्हणेल?

कॅनडाच्या टेरी फॉक्स यांचे उदाहरण याच संदर्भात आठवते. हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. खोकला आणि छातीतल्या वेदना असह्य झाल्यावर त्याने तपासणी करून घेतली, तेव्हा कर्करोग फुप्फुसांत पोहोचल्याचे समजले; जून १९८१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. सरावाच्या काळात हटत नसलेला खोकला किंवा एकाच जागी राहिलेली वेदना ही मनाच्या कणखरपणाची परीक्षा नसते, आणि ती डॉक्टरांना दाखवण्यात कसलाही कमीपणा नाही.

कोणत्या लक्षणांवर त्याच क्षणी थांबावे?

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब किंवा वेदना, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अचानक बेताल धावू लागणे, श्रमाच्या मानाने फारच जास्त धाप, एका पोटरीला सूज व दुखणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे, लघवीचा रंग गडद तपकिरी होणे, गोंधळल्यासारखे वागणे. यादी छापून सोबतच्या माणसाकडे द्यावी, कारण शेवटच्या लक्षणात आपला स्वतःचा निर्णय विश्वासार्ह नसतो, आणि “थांबवण्याचा अधिकार तुझा” असे त्याला आधीच सांगून ठेवावे. ज्यांची प्लीहा काढली आहे किंवा ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांनी ताप आल्यास शर्यतीच्या आदल्या रात्रीही नाव मागे घ्यावे आणि तडक रुग्णालय गाठावे.

माझ्या औषधांमुळे उत्तेजक चाचणीत अडचण येऊ शकते का?

होय. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, इन्सुलिन, इरिथ्रोपोइटिन, टेस्टोस्टेरॉन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत, आणि तोंडावाटे घेतलेल्या प्रेडनिसोलोनला स्पर्धेच्या काळात बंदी आहे. हौशी स्पर्धकांची चाचणी क्वचितच होते, तरी नियम लागू असलेल्या स्पर्धेत उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो. त्याची चौकशी नोंदणीच्या वेळीच करावी, आणि कोणत्याही परिस्थितीत स्पर्धेसाठी औषध बंद करू नये.

स्पर्धेची तारीख आणि ठरलेल्या वैद्यकीय तपासण्या जवळ आल्या तर?

त्यांच्यात अंतर ठेवावे, कारण दीर्घ श्रमांमुळे रक्ताचे अहवाल काही दिवस बिघडलेले दिसतात. मॅरेथॉननंतर स्नायूंतून बाहेर पडणारी द्रव्ये वाढतात, यकृताच्या तपासणीतील काही आकडे आठवडाभर चढे राहू शकतात, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि पांढऱ्या पेशी तात्पुरत्या वाढतात, आणि हृदयाला इजा झाल्यावर वाढणारे ट्रोपोनिनही थोडेफार वाढून बहुधा एक ते तीन दिवसांत उतरते. छातीत दुखत नसताना असा अहवाल हाती पडला, तर रुग्ण आणि नवखे डॉक्टर दोघेही विनाकारण हादरतात. छातीत दुखत असेल, तर मात्र शर्यतीचे कारण पुढे करून तो अहवाल झटकून टाकू नये. पेट स्कॅनच्या आधी निदान २४ तास, शक्य असेल तर ४८ तास, कष्टाचा व्यायाम टाळावा, कारण या तपासणीसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर दमलेले स्नायू ओढून घेतात आणि चित्र वाचणे अवघड होते. प्रोस्टेट ग्रंथीच्या पीएसए या रक्तचाचणीआधीही ४८ तास जोरकस व्यायाम आणि सायकल टाळण्यास सांगितले जाते. नियमित रक्ततपासणी शर्यतीच्या दोन आठवडे आधी उरकून घ्यावी किंवा दोन आठवडे नंतर ठेवावी, आणि रक्त देताना शर्यत कधी झाली ते तपासणीच्या कागदावर लिहायला सांगावे.